लाल ठिपका

तंजावूर
१८ ऑगस्ट १९९६

मुरली,

आधी तुझ्या आईची खुशाली लिहितो, नाहीतर तू पत्राच्या शेवटाकडे उडी मारशील. आत्या बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण आवाज खणखणीत आहे. काल सांबारात मीठ कमी पडलं तर स्वयंपाक करणाऱ्या तुझ्या अखिलावहिनीला सोडून मलाच बोलली.

आता बातमी. मिल बंद झाल्याचं तुला कळवलं होतंच. घरी बसून तोच पेपर दोनदा वाचायचा कंटाळा आला, म्हणून लष्कराच्या लिलावातून एक जुना पिकअप उचलला आहे. चारही चाकांना जोर देणारा. वय आपल्याएवढंच, रंग उडालेला, मागच्या हौद्याच्या पत्र्याची चाळणी झालेली, आणि पेट्रोल किती पितो ते विचारू नकोस. पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अजून सरळ आहे. मी आणि शेषाद्रीने दोरी लावून पाहिली. शेषाद्री म्हणजे मिलच्या लॉऱ्या सांभाळणारा मेकॅनिक. त्याचीही नोकरी गेली, आता आम्ही भागीदार आहोत. राजवाड्यामागच्या गल्लीत एक शेड घेतली आहे.

पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी वर उचलायची, धुराचा पाइप छपराच्या वर न्यायचा आणि मागे लाकडी हौदा बांधायचा, असा बेत आहे. लोक विचारतात, आता रोज नवी गाडी बाजारात येते, हे भंगार कशाला? त्यांनी पावसाळ्यात पापनाशमच्या पलीकडच्या गावांत जाऊन बघावं. कालव्याच्या बांधावर लॉरी चालत नाही, बैलगाडी रुतते, केळीचे घड तिथेच काळे पडतात. माझी गाडी जाईल.

पहिली फेरी कुणाची तेही ठरलं. तिकडच्या एका गावात आत्याची मैत्रीण सुंदरी राहते. बस जिथे सोडते तिथून पुढे सगळा बांध, आणि आत्याला आता तेवढं चालवत नाही. परवा मला म्हणाली, "प्रद्युम्ना, तुझी वंडी तयार झाली कीं मज बेगीन सुंदरीकडे ने. दोघींतली एक गेल्यावर नको." मी शब्द दिला आहे.

तू कारखान्यात रोज गाड्या जोडतोस. काही सुचत असेल तर लिही. फार शहाणपणा मात्र शिकवू नकोस.

प्रद्युम्न


पुणे
२७ ऑगस्ट १९९६

प्रद्युम्ना,

शहाणपणा शिकवू नको म्हणालास, म्हणजे तुला तो हवा आहे असं मी धरून चालतो.

गाडी वर उचललीस की स्टिअरिंगचं गणित बिघडतं. स्टिअरिंगच्या पेटीतून एक लोखंडी हात खाली येतो, त्याला आम्ही ड्रॉप आर्म म्हणतो. तू स्टिअरिंग फिरवतोस तेव्हा तो हात हलतो आणि चाकं वळतात. पाटे वाढवले की तो आखूड पडतो. मग खड्ड्यात चाक आपटलं की गाडी आपल्या मनाने वळायला लागते. तुझ्या त्या बांधावर एका बाजूला कालवा असेल, दुसऱ्या बाजूला शेत. तिथे गाडीला स्वतःचं मन असून चालणार नाही. आणि जुन्या आर्मला तुकडा जोडून वेल्डिंग करायचा विचार डोक्यात आला असेल तर तो काढून टाक. असे जोड मी तुटलेले पाहिले आहेत.

आणखी एक. आईला त्या गाडीत बसवू नकोस. सुंदरीमावशीकडे जायचं तर कुणाचीतरी धड गाडी भाड्याने घे, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत ने. तिला पुण्याला पाठव म्हणून मी दर पत्रात लिहितो आणि तू ते वाक्य वाचलंच नाही असं दाखवतोस. माझी आई आहे, मला भीती वाटते. वाटते ते लिहिलं.

वहिनींना नमस्कार.

मुरली


तंजावूर
९ सप्टेंबर १९९६

मुरली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

"धड गाडी" म्हणजे काय रे? कारखान्यातून बाहेर पडते ती धड, आणि आम्ही इथे हाताने करतो ती अधड? तू पुण्याला गेल्यापासून तुला तंजावुरातलं सगळंच मोडकळीला आलेलं दिसतं. मी मिलमध्ये गेलो तर नोकरी धोक्याची, मिल बंद पडली तर धंदा धोक्याचा, आता गाडी धोक्याची. प्रत्येक पत्रात एक "नको" असतो. ते वाचायची मला इतकी सवय झाली आहे की हल्ली तो नुसता डोळ्यांखालून जातो.

आत्याला पुण्याला पाठवायला मी तिला बांधून ठेवलेलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, तिकडच्या मराठीला मराठी म्हणायचं तर मज आपली कोणती म्हणायची, तें सांग. तिचं म्हणणं कळवलं, माझं नव्हे.

ड्रॉप आर्मचं मात्र बरोबर आहे. शेषाद्रीही तेच म्हणतो. जोड लावणारच होतो, थांबलो. इथे लांब आर्म मिळत नाही. मापाचा कागद सोबत ठेवला आहे. जमलं तर पाठव, नाही जमलं तर तसं लिही. पण आत्याची फेरी होणार. मी शब्द दिला आहे.

प्रद्युम्न


पुणे
३० सप्टेंबर १९९६

प्रद्युम्ना,

भांडण बाजूला ठेवू.

आर्म पाठवला आहे, रेल्वे पार्सलने. आमच्या इथल्या एका जुन्या लोहारकामाच्या दुकानात भट्टीत ठोकून घेतला. जोड नाही, एकसंध आहे. चीर आहे का ते मी स्वतः तपासलं आहे. शेषाद्रीला सांग, त्याचा नट पूर्ण जोर लावून आवळायचा, लांब पाइप घालून. हाताने घट्ट लागला म्हणजे घट्ट झाला असं नसतं. पंधरावीस मैल गेल्यावर तो सुटायला लागतो आणि सुटताना सांगत नाही.

आमच्याकडची एक पद्धत तुम्हीही ठेवा. नट आवळून झाला की लगेच त्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा. आवळला नसेल तर ठिपका नाही. दोघे जण एकाच गाडीवर काम करतात तेव्हा मी केलं की तू केलंस हा घोळ होतो. ठिपका दिसला की कुणी कुणाला विचारायला नको.

आईच्या फेरीबद्दल आता काही लिहीत नाही. लिहून उपयोग नाही हे कळलं. निदान सगळे ठिपके पाहिल्याशिवाय निघू नकोस.

मुरली


तंजावूर
२२ ऑक्टोबर १९९६, मंगळवार

मुरली,

आज मी इतका खूश आहे की तुझ्यावरचा उरलासुरला रागही गेला. गाडी चालली.

सगळं क्रमाने सांगतो. तुझा आर्म आला. शेषाद्रीने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि मान डोलावली, म्हणजे त्याच्या हिशेबाने भाषणच झालं. तुझी ठिपक्याची पद्धत त्याला फार आवडली. चासी काळी, ग्रीस काळं, त्यात तांबडे ठिपके अगदी उठून दिसतात. इंजिन बसलं, पाटे बसले, सगळीकडे ठिपके पडले. शनिवारी संध्याकाळी एवढा आर्मच राहिला होता. तो चढवतोय तोच शेषाद्रीच्या आईला बरं नसल्याचा निरोप आला, आणि त्याने गावची बस पकडली. इकडे अखिला दारात उभी, की आयुधपूजेची हत्यारं धुवायला कधी देणार. आपल्याकडे एकदा नट आवळायचे पाने देवीपुढे गेले की विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत त्यांना कोणी शिवत नाही, हे तू विसरला नसशील. मी नट हाताने बसवला, बाकीचं शेषाद्रीवर सोडलं आणि पाने गोळा करून दिले.

रविवारी पूजा. आता हे नीट वाच. तुझे वडील गेल्यापासून आत्या कुठल्याही पूजेत मागे भिंतीला टेकून उभी राहते. कुंकवाच्या ताटाला हात लावत नाही. मी म्हटलं, घरात सगळ्यांत मोठी ती, पहिली फेरी तिची, तर गाडीची पूजाही तिनेच करायची. शेजारच्या भामामामी आणि दोघीतिघी कुजबुजल्या. मी त्यांच्याकडे पाठ केली. आत्या नको नको म्हणत होती, मग तिने गंध-कुंकू घेतलं आणि स्टिअरिंगला, दिव्यांना, इंजिनाला लावलं. शेवटी मी तिला पुढच्या चाकापाशी नेऊन तुझा आर्म दाखवला. म्हटलं, हा मुरलीने पाठवला आहे. तिने हात आत घालून त्याच्या नटावरही बोट टेकवलं. "माझ्या लेंकाचें आहे," म्हणाली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी चाकांखाली लिंबं ठेवून गाडी काढली, मोठ्या देवळापर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी चालते. आज शेषाद्री परत आला. बॅटरी घेऊन गाडीखाली गेला, बाहेर येऊन म्हणाला, सगळे लाल आहेत. आता आठवडाभर हौद्याचं लाकूडकाम, आणि सोमवारी, अठ्ठावीसला, आत्या निघते सुंदरीकडे. पाऊस लागला आहे. लागू दे, त्यासाठीच तर गाडी केली.

प्रद्युम्न


पुणे
२६ ऑक्टोबर १९९६, शनिवार

प्रद्युम्ना,

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे. ते पोचेपर्यंत तार पोचलेली असेल अशी आशा आहे. तारेत सगळं मावलं नाही म्हणून इथे लिहितो.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. आईचं वाचून मलाही भरून आलं. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो. "त्याच्या नटावरही बोट टेकवलं" इथे थांबलो. मग पुढे शेषाद्रीचं "सगळे लाल आहेत" आलं, आणि मी मागे जाऊन शनिवारचा मजकूर पुन्हा वाचला.

तो नट कुणी आवळला? तू नाही. तू हाताने बसवलास आणि पाने देवीपुढे दिलेस. शेषाद्रीने नाही, तो गावाला होता. परत येऊन त्याने नुसतं पाहिलं. त्याला लाल दिसलं. ग्रीसमध्ये भिजलेलं कुंकू दोन दिवसांनी बॅटरीच्या उजेडात रंगासारखंच दिसणार. त्याला वाटलं, तू आवळलास. तुला वाटतंय, त्याने आवळला. तो ठिपका आईच्या बोटाचा आहे. नट सैल आहे.

कोपऱ्यावरच्या रामस्वामींच्या औषधाच्या दुकानात फोन लावला. तासभर लागत नव्हता. लागला तेव्हा "प्रद्युम्नला सांगा, गाडी काढू नको" एवढं बोललो आणि लाइन तुटली. परत लागला नाही. तिकडे पावसाने तारा पडल्या आहेत म्हणतात. मग तारघरात गेलो. खिडकीवरच्या माणसाने मजकूर दोनदा वाचून माझ्याकडे पाहिलं. "गाडी हलवू नका. ड्रॉप आर्मचा नट तपासा. लाल आहे तो रंग नाही, कुंकू आहे."

रामस्वामींचा निरोप तुला मिळाला असेल. तो नेहमीसारखा "नको" नाही, प्रद्युम्ना. हा एक तरी डोळ्यांखालून जाऊ देऊ नकोस.

मुरली


तंजावूर
३० ऑक्टोबर १९९६

मुरलीभावजी,

मी अखिला. सोमवारी संध्याकाळी मी केलेली तार मिळाली असेल. आत्या सुखरूप आहेत, हे पुन्हा लिहिते. शाळेत हिंदी शिकवते म्हणून माझं देवनागरी अक्षर तरी वाचता येईल. हे स्वतः लिहू शकत नाहीत, उजव्या मनगटाला प्लॅस्टर आहे.

तुमची तार सोमवारी दुपारी आली. गाडी सकाळीच गेली होती. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, म्हणून हे घाईने निघाले. तुमच्या फोनचा निरोप शनिवारीच मिळाला होता. रामस्वामींनी स्वतः येऊन सांगितलं, पुण्याहून फोन होता, गाडी काढू नका म्हणाले. हे हसले. म्हणाले, तो दुसरं काय म्हणणार? मीही हसले. आत्यासुद्धा म्हणाल्या, लहानपणापासून भित्राच तो. आम्ही तिघं ताटावर बसून हसलो. हे तुमच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तार हातात आली तेव्हा पहिल्यांदा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा काय करावं कळेना. मोपेड घेऊन शेषाद्रीच्या घरी गेले. त्याने तार ऐकली आणि पायरीवर बसलाच. मग टॅक्सी करून दोघं निघालो. पापनाशमपर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक गर्दीपाशी मला वाटे, तीच असेल.

गाडी रस्त्यावर काही बोलली नाही. बांधावर अर्ध्या वाटेवर, चिखलात, हळू गियरमध्ये चालली असताना स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हे सांगतात, फिरवलं तर नुसतं गरगर फिरायला लागलं. चाकं आपोआप कालव्याकडे वळली. ब्रेक दाबला तर चिखलावर घसरली. एक पुढचं चाक बांधाच्या कडेवरून बाहेर गेलं आणि गाडी वाकून थांबली. खाली भरलेला कालवा होता.

आत्या कालव्याच्या बाजूला बसल्या होत्या. कपाळ पुढे आपटलं, रक्त आलं. हे म्हणाले, आत्या, माझ्या बाजूने उतर. त्या म्हणाल्या, गुडघा उचलत नाहीं. तूं उतर, तुला दोन पोरें आहेत. हे उतरले नाहीत. हलले असते तर गाडी आणखी कलली असती, असं हे म्हणतात. मला वाटतं, तसं नसतं तरी उतरले नसते. हौद्यात केळीची रोपं भरली होती, त्यांच्या वजनाने मागची बाजू धरून राहिली. शेतातून माणसं दोर घेऊन आली, मागून गाडी बांधली, आणि आत्यांना मागच्या खिडकीतून हौद्यात ओढून काढलं. त्यांना आधी बाहेर ढकलताना यांचं मनगट गेलं. आम्ही पोचलो तेव्हा आत्या बांधावर बसल्या होत्या आणि एक बाई त्यांच्या कपाळावर पदर धरून होती.

शेषाद्रीने खाली वाकून पाहिलं. आर्म लोंबत होता, नट नव्हता. तो तिथेच रडायला लागला. "मी लाल पाहिलं, अम्मा," एवढंच म्हणत होता.

आत्यांना कपाळाला टाके पडले आहेत, ताप नाही. पण एक गोष्ट झाली आहे. मंगळवारी सकाळी भामामामी बघायला आल्या आणि ओसरीवरूनच म्हणाल्या, विधवेच्या हातचं कुंकू वंडीला लावलं, मग दुसरं काय व्हायचं होतं. आत्या आत होत्या. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्या देवघरात गेलेल्या नाहीत.

अखिला


पुणे
५ नोव्हेंबर १९९६

अखिलावहिनी आणि प्रद्युम्न,

दोघांनाच लिहितो आहे. आईसमोर वाचू नका.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही हसलात त्याचा राग नाही. इतक्या वेळा "नको" लिहिल्यावर माझ्या निरोपाला कोण भीक घालणार? प्रद्युम्न उतरला नाही, हे मी जन्मात विसरणार नाही.

आता एकच मागणं आहे. आईला नटावरच्या कुंकवाचं सांगू नका. भामामामींचं बोलणं तिच्या मनात आधीच बसलं असणार. त्यात तिला कळलं की तिच्याच बोटाच्या ठिपक्याने शेषाद्री फसला, तर ती स्वतःला माफ करणार नाही. तिला सांगा की मुरलीने पाठवलेला आर्मच खोटा निघाला. मला बोल लागू दे. मी लांब आहे, मला सोसेल.

मी लगेच यायला हवं होतं. परदेशी भागीदारांची माणसं कारखान्यात ठाण मांडून आहेत, रजा सगळ्यांच्याच बंद आहेत. हे कारण आहे, सबब नाही, तरी लिहिताना सबबीसारखंच वाटतं.

मुरली


तंजावूर
८ नोव्हेंबर १९९६

मुरली,

डाव्या हाताने लिहितोय, थोडक्यात लिहितो. तू सांगितलंस तसं सांगितलं. आर्म खोटा होता म्हटलं. आत्याने ऐकून घेतलं. मला हे बरं वाटत नाहीये.

प्रद्युम्न


तंजावूर
१७ नोव्हेंबर १९९६

मुरलीभावजी,

आत्या शेजारी बसल्या आहेत. शेवटचा मजकूर त्यांचा आहे, तो त्या सांगतील तसाच लिहीन. त्याआधी माझं सांगते.

आपलं खोटं जेमतेम आठवडाभर टिकलं. आर्म खोटा होता हे ऐकून आत्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "माझ्या लेंकानें पाठविलेली वस्तू खोटी नसते. माझा हातच वाईट." त्यांच्या मनाने आपलं खोटं धरलं नाही आणि भामामामींचं धरलं, कारण आपण दुसरं काही त्यांच्या हातात दिलंच नाही.

मग दिवाळी आली. या घरात दिवाळीच्या पहाटे सगळ्यांच्या डोक्यावर तेल आत्या घालतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. या वर्षी पोरं पाटावर येऊन बसली आणि त्या उठून मागे भिंतीपाशी गेल्या. म्हणाल्या, अखिला, तूं घाल. मोठा म्हणाला, आजीच पाहिजे. त्यांनी हात पदरात गुंडाळून घेतले. ते पाहून हे पाटावरून उठले आणि आंघोळ न करताच शेडमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर आम्ही दोघं भांडलो. हे म्हणत, मुरलीला शब्द दिला आहे. मी म्हटलं, तुमच्या त्या शब्दांमुळेच हा घोळ होतो. तुम्ही त्यांना वाचवता आहात असं तुम्हाला वाटतं, आणि त्या रोज थोड्याथोड्या खचताहेत. तेव्हा शुक्रवारी हे त्यांना हात धरून शेडमध्ये घेऊन गेले. गाडी उभी होती. शेषाद्रीही होता. यांनी दोन नट एका फळीवर ठेवले. एकावर रंगाचा ठिपका, दुसऱ्यावर ग्रीस फासून कुंकवाचा. म्हणाले, आत्या, वेगळा सांग. त्यांना सांगता येईना. मग यांनी सगळं सांगितलं. नट आवळलेलाच नव्हता, पाने पूजेत होते, तू लावलेलं लाल पाहून शेषाद्री फसला, शेषाद्रीवर विसंबून मी फसलो, आणि मुरलीने फोन केला तेव्हा आम्ही हसलो.

मला वाटलं, आत्या आता रडतील. त्या चिडल्या. अशा चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"म्हणजे नट सैल होता, आन् तुम्हीं मज त्यावर कुंकूं लावविलेंत? आन् वर दोघे मिळून मज खोटें सांगितलेंत? माझ्या हाताला काय झालें होतें? काम तुम्हीं अर्धें सोडिलेंत, आन् भिंतीशीं मी उभी राहिलें."

शेषाद्री त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, पण लगेच नाही.

काल शनिवार होता. त्यांनी पहाटे स्वतः तेल गरम केलं. दिवाळी होऊन गेली होती, तरी पाट मांडले. आधी पोरं, मग मी, मग हे प्लॅस्टरचा हात वर धरून. शेषाद्रीला निरोप पाठवून बोलावलं आणि त्यालाही बसवलं. भामामामी कुंपणावरून पाहत होत्या. आत्यांनी त्यांना हाक मारून विचारलं, तुम्हांलाही घालूं कां? त्या आत गेल्या.

आता आत्या सांगतात ते लिहिते.

"मुरली, खोटें सांगायला तूं सांगितलेंस, तें मज आवडलें नाहीं. तुला वाटलें, मज सोसणार नाहीं. मी कालव्यावर लोंबत बसलें होतें, तें सोसलें. हेंही सोसलें असतें. पुढल्या आयुधपूजेला वंडीला कुंकूं मीच लावणार. आधीं नट आवळा, मग मज बोलवा. सुंदरीकडे जायचें राहिलें आहे, तें मी सोडलें नाहीं. प्रद्युम्न म्हणतो, मुरली येऊन नट आपल्या हातानें आवळेल, मग निघूं. मज पटलें. सगळ्यांच्या डोकीला तेल घालून झालें आहे. तुझें एकट्याचें राहिलें आहे. रजा काढ."